उगालीची केरियो

"तुझं सगळं शिक्षण त्या जनावराच्या शेपटीखाली अडकलंय," असं माझी येयो चारचौघांत म्हणते. आई आहे, म्हणू दे. एरवी मी तिला सोडत नाही, पण हे ती पहिल्यांदा म्हणाली तेव्हा चूक आमचीच होती. ज्या तरसाला आमचा संशोधकांचा अख्खा तळ इतकी वर्षं नर समजत होता, तो उगाली बिळाच्या तोंडाशी आडवा होऊन पिल्लाला दूध पाजत होता.

ठिपकेवाल्या तरसांत नर कोण आणि मादी कोण हे ओळखताना भल्याभल्यांची फजिती होते. मादीलाही बाहेरून सगळं नरासारखंच असतं. फरक असतो तो टोकाशी, नखाएवढा, आणि तो दिसतो कधी, तर दोन तरसं भेटताना मागचा पाय उचलतात तेव्हा. उगालीला भेटायला येणार कोण? टोळीत तिच्या खाली कुणी नव्हतंच. सगळे खात असताना ती आपली उंच गवतात, लांब उभी. माझा सहकारी ओगोला, किसुमू शहराकडचा, तोंडाने फटकळ. तो तिला 'आईच्या पदराला चिकटलेला बाब्या' म्हणायचा, कारण वयात आलेले नर आपली टोळी सोडून दुसरीकडे जातात आणि हा बाब्या काही जाईना.

"म्हणजे नरही तोच आणि मादीही तीच," येयो म्हणाली. "आपले म्हातारे सांगतच होते."

"म्हातारे चुकीचं सांगत होते, येयो. मादी ती मादीच."

"मग तुम्ही एवढी वर्षं दुर्बीण लावून काय बघत होता, ढग?"

तिच्या हसण्यानं शेजारच्या दोन घरांतल्या बायका दाराशी आल्या, मग त्यांनाही सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.

पण हसण्यावारी न्यावी अशी ती गोष्ट नव्हती. उगाली ज्या पिल्लाला पाजत होती, ते तिचं नव्हतं. ते टोळीच्या राणीचं होतं.

आमचा तळ तालेक नदीच्या काठाला आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून. तिथं शिकायला आलेल्यांचे केस पिकले, ते परत गेले, दुसरे आले, आणि बघणं मात्र एक दिवस थांबलं नाही. आजच्या तरसाची आजी कोण, तिची पणजी कोण, कुणी कुणाच्या पुढ्यातून घास ओढला, हे आम्हाला माहीत असतं. माझ्या स्वतःच्या पणजीचं नाव मला माहीत नाही, कारण गेलेल्या माणसाचं नाव आम्ही मासाई तोंडावर आणत नाही. तरसांच्या पणज्या मात्र मला पाठ आहेत.

तळावर नाव ठेवायची एक रीत आहे. एका आईच्या वंशाला एकाच जातीची नावं. राणीच्या घरात नद्यांची: एवासो, तालेक, केरियो. तळागाळातल्या घरात ताटातली: उगाली म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, तिची आई चपाती, तिचा मामा बीन्स. ही थट्टा कुणी सुरू केली ठाऊक नाही, पण नाव ऐकलं की तरसाची पायरी कळते.

एवासो राणी होती तेव्हा मी नवी होते. पहिल्यांदा ती शिकारीवर आलेली पाहिली ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. झेब्र्यावर वीसेक तरसं तुटून पडली होती, हाडं फुटल्याचा आवाज गाडीपर्यंत येत होता. ती धावत आली नाही, गुरगुरली नाही. चालत आली, शेपूट वर, आणि सगळी टोळी तिच्यासाठी दुभंगली. तिच्याहून अंगानं मोठे नर कान पाडून मागे सरले. ताकद म्हणावी, तर तिची एकटीची ताकद एवढी नव्हतीच. तिच्या मागे तिची आई होती, आईच्या मागे आजी होती, आणि त्या कधीच्या मेल्या होत्या. मेलेल्या बायकांचा असा दरारा मी कुठल्याच माणसांच्या घरात पाहिलेला नाही. मी आ वासून बघत होते, आणि ओगोला म्हणाला, "सिंतामेई, तोंड मीट, माशी जाईल."

तरसांत आणखी एक नवल आहे. शेंडेफळ वरचढ ठरतं. आई जिवंत असेतो धाकटीची बाजू घेऊन थोरलीला मागे हटवते, म्हणून गादी सगळ्यांत धाकट्या लेकीकडे जाते. एवासोची थोरली लेक तालेक, आणि धाकटी केरियो. केरियो अजून काळ्या लवेची, बिळातून बाहेर यायला लागलेली, तेव्हापासूनच आम्ही तिला पुढची राणी म्हणत होतो.

मग सिंहांनी एवासोला मारलं. एका रेड्याच्या मढ्यावरून भांडण झालं, आणि ती मागे हटली नाही, एवढंच.

तरसाच्या पिल्लाला वर्ष उलटून जाईपर्यंत आईचंच दूध लागतं, आणि तरसाची मादी दुसरीच्या पिल्लाला पाजत नाही. बहीण असली तरी नाही. केरियो बिळाशी बसून येईल त्या मादीच्या पोटाशी तोंड न्यायची आणि चावा खाऊन परतायची. तालेकनं तर तिला दोनदा लोळवलं. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या. आम्ही मधे पडत नाही, हा तळाचा नियम आहे, आणि नियम पाळताना मी गाडीत बसून ओगोलाला विनाकारण शिव्या देत होते.

उगाली आली ती अशाच एका सकाळी. तिला स्वतःचं पिल्लू झालं होतं आणि ते कुठेतरी गवतातच गेलं होतं, हे आम्हाला नंतर उमगलं, कारण तिची आचळं भरलेली होती. केरियो तिच्याकडे गेली. उगालीनं दात दाखवले. केरियो पुन्हा गेली. उगाली उठून चार पावलं लांब जाऊन बसली. केरियो पुन्हा गेली, ओरडली नाही, नुसती तिच्या पुढच्या पायांत बसून राहिली. खूप वेळानं उगालीनं तिला हुंगलं, कानापासून शेपटीपर्यंत, आणि कुशीवर आडवी झाली.

ओगोलानं दुर्बीण खाली ठेवली. म्हणाला, "बाब्या आई झाला गं," आणि डोळे पुसले. मीही पुसले.

आता माझं सांगते, कारण हे सगळं मी कोरड्या डोळ्यांनी का बघू शकत नव्हते ते कळायला हवं.

आमच्याकडे वस्तीच्या काटेरी कुंपणाला एक फाटक असतं. त्याच्या उजव्या हाताला घरधन्याच्या थोरल्या बायकोचं घर, डाव्या हाताला दुसरीचं. मूल ज्या हाताला वाढतं, त्या हाताचं म्हणून आयुष्यभर ओळखलं जातं. मी जन्मले उजव्या हाताला, थोरलीच्या पोटी. थोरलीला पोरांमागून पोरं होत होती. डावीकडचीला एकही नव्हतं. बाईला आम्ही तिच्या मुलाच्या नावानं हाक मारतो, आणि जिला मूल नाही तिला हाक मारायला नावच नाही. सगळे तिला 'ती डावीकडची' म्हणत. मी दूध सुटण्याच्या वयाची असताना थोरली मला घेऊन अंगण ओलांडून गेली, एका हातात मी आणि दुसऱ्या हातात हिरव्या गवताची जुडी. गवत हातात घेऊन बोललेला शब्द फिरवायचा नसतो. मला तिच्या मांडीवर ठेवून म्हणाली, "आजपासून हिची आई तू." त्या दिवसापासून माझी येयो 'सिंतामेईची आई' झाली. थोरलीनंच तिला पहिल्यांदा तशी हाक मारली, असं म्हणतात.

केरियो दुधावर होती त्याच पावसाळ्यात थोरलीचे डोळे गेले. तिच्या लेकी लांब दिलेल्या, एक वारलेली. थोरलीचा मुलगा, माझा पाठचा भाऊ कांताई मोटरसायकलवर तळावर आला. चहा झाला, गुरांची चौकशी झाली, पावसाची झाली, मग म्हणाला, "ताई, थोरली म्हणते, हातपाय धड होते तेव्हा दिली. आता मला दिसत नाही. आता माझी मला हवी."

"तुझी बायको आहे की घरात."

"करते ना बिचारी. पण थोरली म्हणते सून ती सून. हात लावला की कळतो म्हणे, लेकीचा नाही ते."

"दिलेलं मूल मागे मागतात का रे कुठे?"

"नाही मागत. म्हणून तर ती मागत नाहीये. ती म्हणते, सिंतामेई आपणहून उठून आली, तर कोण अडवणार आहे?" मग मान खाली घालून म्हणाला, "मला मधे घालू नका, ताई. मला दोन्हीकडून शिव्या बसतात."

मी 'बघू' म्हणाले. 'बघू' या शब्दावर मी दोन वर्षं काढली. तेवढ्यात थोरलीनं एक गोष्ट केली. माझ्या येयोला 'सिंतामेईची आई' म्हणणं तिनं बंद केलं. हाक मारायची वेळ आलीच, तर "अगं ए डावीकडचे." भर अंगणात, सुनेसमोर. येयो ओ द्यायची. मला कधी एका शब्दानं बोलली नाही. फक्त दूध ठेवायचा वाळका भोपळा घासायला घेतला की घासतच बसायची, जंगली ऑलिव्हची जळती काडी आत फिरवत, धुरानं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी उजवीकडे गेले, तर सत्तरीला टेकलेली ती बाई पुन्हा बिननावाची होणार होती. हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तरीही माझं मन उजवीकडे ओढत होतं. माझे हात थोरलीचे आहेत. माझ्या पुढच्या दातांतली फट तिची आहे. ती आंधळी बाई दारात बसून माझ्या पावलांची वाट बघते, असं कांताई सांगायचा. आणि त्याखाली एक जुना राग होता. एवढ्या पोरांतून मलाच का दिलं? मी उजव्या हाताची होते, मला कुणी विचारलं?

म्हणून मी केरियोवर कौल लावला. ती मोठी होत होती, एवासोसारखी चाल, एवासोसारखी मान. ती राणी झाली तर रक्त खरं, मग उजवीकडे जायचं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. शास्त्र शिकलेल्या बाईनं असले कौल लावू नयेत. पण मी लावला, आणि कुणाला सांगितलं नाही.

तळावर वाद होताच. ओगोला म्हणायचा, हिचं नाव बदला. "उगालीनं वाढवली, तर सुकुमा ठेवा. उगालीबरोबर सुकुमाची भाजी, झकास."

"ती नदीच राहील," मी म्हणायचे.

"तुझं काय जातंय? नदीला कळत नाही तिला नदी म्हणतात ते."

"तू गप रे."

"अगं चिडतेस काय? तरसाच्या नावावरून भांडणारी पहिलीच मासाई बघतोय मी."

ती सकाळ मी अजून डोळ्यांपुढे आणू शकते. पाऊस नुकताच उघडलेला, गवत ओलं, आणि टोळीनं उजाडता उजाडता झेब्रा पाडला होता. पाडला कुणी, तर केरियोनं. तिनंच त्याला कळपातून वेगळं काढलं, तिनंच पहिल्यांदा पोटाला धरलं. मी गाडीच्या टपातून डोकं बाहेर काढून उभी होते. केरियो आता पूर्ण वाढलेली, रुंद छातीची, तोंड रक्तानं माखलेलं. टोळी ओरडत येत होती आणि ती मधोमध उभी राहून खात होती. मी ओगोलाला म्हणाले, "बघ. बघ तिच्याकडे."

मग तालेक आली, आताची राणी, आणि तिच्यामागून तिचं शेंडेफळ. एवढंसं पिल्लू, केरियोच्या गुडघ्याला लागेल न लागेल. तालेक दूरच थांबली. पिल्लूच पुढे आलं, शेपूट वर करून, थेट केरियोच्या तोंडाशी.

केरियोनं एका चाव्यात त्याचं डोकं फोडलं असतं. तिनं कान पाडले, मान जमिनीला लावली, खिदळल्यासारखा तो भेदरलेला आवाज काढला आणि स्वतः मारलेल्या शिकारीवरून मागे सरली. तिच्या जागी ते पिल्लू उभं राहिलं. पुन्हा पुढे यायचा प्रयत्न तिनं केला नाही. कुणी तिला शिकवलंच नव्हतं की ती येऊ शकते. उगाली ज्यांना ज्यांना वाट द्यायची, त्या सगळ्यांना वाट द्यायला ती उगालीच्या पोटाशी बसून शिकली होती.

"सुकुमा," ओगोला हळूच म्हणाला. त्यात थट्टा नव्हती. मी खाली बसले. मला भयंकर वाईट वाटत होतं, एखाद्या माणसाचं राज्य गेल्यासारखं.

पण ते तिथं संपलं नाही. सगळे भरपेट होऊन पांगले, तेव्हा केरियोला मढ्यापाशी एक जबड्याचं हाड मिळालं. ते घेऊन ती चालत निघाली, लांब, उंच गवताकडे. तिथं उगाली उभी होती, म्हातारी, एका पायानं लंगडी. केरियोनं हाड खाली ठेवलं. दोघी डोक्याला शेपूट अशा उभ्या राहिल्या आणि दोघींनी मागचा पाय उचलला. तरसाच्या अंगातली सगळ्यांत नाजूक जागा त्या वेळी समोरच्याच्या दातांपाशी असते. हाड फोडणारे दात ते. ज्याच्यावर भरवसा टाकता येतो, त्यालाच तरसं अशी भेटतात. खूप वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग दोघींनी हाडाची दोन टोकं धरली आणि खायला लागल्या. केरियोनं तिला घास दिला, असं मी म्हणणार नाही. पण तिनं तो ओढूनही घेतला नाही, आणि तरसांच्या दुनियेत हे फार झालं.

मी पुष्कळ वर्षं बघतेय. इतकं मोठं काही मी पाहिलेलं नाही, आणि ते दोन भुकेल्या माद्यांनी एका उष्ट्या हाडावर केलं.

त्याच दुपारी मी घरी गेले. येयो भोपळ्यात दूध भरत होती. मी मान झुकवली, तिनं डोक्यावर हात टेकवला आणि माझं तोंड बघून विचारलं, "कोण मेलं?"

"कोणी नाही. केरियो हरली."

"कुणाशी?"

"तालेकच्या पिल्लाशी. एवढंसं पिल्लू, येयो. तिनं स्वतः मारलेली शिकार होती. राणीची पोर ती."

"मग तरस रडलं?"

"तरसं रडत नाहीत."

"मग तू कशाला रडतेस?"

मी तिला सगळं सांगितलं. कौल लावला होता तेही सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती भोपळ्याचं झाकण घट्ट करत राहिली.

"तिला ठाऊक होतं का," तिनं विचारलं, "आपण राणीची आहोत म्हणून?"

"नसणार."

"तुला ठाऊक आहे. तिला कुणी विचारलं नाही, तुला विचारलंय. मग तुझा निकाल ते जनावर कसा लावेल? एवढी शिकलीस आणि माझ्या पोटी वेडीच निपजलीस." 'माझ्या पोटी' म्हणाली आणि क्षणभर थांबली. मग भोपळा उचलला. "चल. कांताईची बायको माहेरी गेलीय. थोरलीला दूध द्यायचंय."

"तू देतेस तिला दूध?"

"उपाशी ठेवू?"

"ती तुला काय म्हणून हाक मारते, मला ठाऊक आहे."

"मलाही ठाऊक आहे. मी बहिरी नाही." तिनं माझा हात धरला. "तुला तिच्याकडे राहायचं असेल तर रहा. पण माझ्या घरातून जा, माझ्या हाताला धरून जा. तुला घेऊन ती अशीच अंगण ओलांडून आली होती. मी दारात उभी होते. तिचे पाय लटपटत होते, पोरी. सगळे म्हणतात, तिला जास्त होती म्हणून तिनं दिली. मी तिचे पाय बघितलेत. जास्तीचं देताना कुणाचे पाय लटपटत नाहीत."

हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. येयोनं मला ओढलं, आणि आम्ही दोघी अंगण ओलांडायला लागलो. ज्या ज्या घरात कुणी होतं, ते दाराशी आलं.

थोरली उंबऱ्यापाशी बसली होती, तोंड वर करून. आमची पावलं ऐकून तिची बोटं मांडीवरची फडकी चुरगळायला लागली. ते हात माझेच होते.

"कोण आहे?" तिनं विचारलं.

येयोनं माझा हात आणखी घट्ट धरला. उत्तर मलाच द्यायचं होतं.

"मी आणि येयो," मी म्हणाले.

थोरलीनं ऐकलं. येयोनं पुढे होऊन भोपळा तिच्या हातात ठेवला. तिनं झाकण काढून वास घेतला, ऑलिव्हच्या धुराचा, डाव्या हाताच्या घराचा, ज्या वासावर मी वाढले. दोन घोट प्यायली. माझ्या दिशेनं हात पुढे केला, मी डोकं झुकवलं, आणि तिची बोटं माझ्या कपाळावरून, नाकावरून, दातांतल्या फटीवरून फिरली. तिनं हात मागे घेतला आणि बाजूला सरकून उंबऱ्यावर जागा केली.

"बस, सिंतामेईच्या आई," ती म्हणाली. "तुझ्या पोरीलाही बसव."